सटवा पोतराजाची शाळा

माळशिंदी गावाच्या वेशीबाहेर, ओढा वळण घेतो त्या जागी, करंजाचं एक जुनं झाड आहे. श्रीतरटे महाराज मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्या झाडाखाली येऊन बसले आणि पुढं अकरा वर्षं तिथून हलले नाहीत. अंगाभोवती गुंडाळलेलं एक तरट आणि हातात नारळाची करवंटी, एवढाच त्यांचा संसार. गावातल्या मोठ्या मंडळींनी महादेवाच्या ओवरीत येऊन राहण्याचा फार आग्रह केला. महाराज म्हणाले, "ओवरीत सगळ्यांना येता येतं का?" मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. "मग आपलं झाडच बरं," महाराज म्हणाले आणि करंजाच्या बुंध्याला पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले. मंडळी काय ते समजली, पण समजल्याचं कुणी तोंडावर दाखवलं नाही.

भाविकहो, महाराजांच्या लीला आपण पुष्कळ ऐकतो. कुणाची गाय सापडली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. त्या ऐकून घरी जाताना मन हलकं होतं. ही गोष्ट तशी नाही. हिच्यात एक लेकरू गेलं आहे आणि महाराजांच्या कृपेनंही ते परत आलेलं नाही. तेव्हा ऐकायचं तर मन घट्ट करून ऐका.

गावकुसाबाहेरच्या वस्तीत सटवा नावाचा पोतराज राहत असे. बाप पोतराज, आजा पोतराज. मरीआईच्या नावानं सोडलेले केस पाठीवर लोळत, कमरेला चिंध्यांचा घागरा, पायात चाळ आणि खांद्यावर अंबाडीचा जाड आसूड. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याची बायको ठकू देवीचा देव्हारा डोक्यावर घेई, गळ्यातलं ढोलकं घुमवी आणि सटवा दारोदार स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढून घेई. कडाड्‌ असा आवाज झाला की बायाबापड्या सुपातून पसाभर जोंधळे आणून घालत.

या धंद्यातली एक गोम पोतराजाखेरीज कुणाला ठाऊक नसते. आसूड फिरवताना मनगटाला शेवटी एक हिसका द्यायचा असतो. हिसका नीट बसला की आवाज मागच्या मागं हवेत फुटतो आणि अंगाला नुसतं शेपूट चाटून जातं. सटवाला हा हिसका बापानं सातव्या वर्षी शिकवला होता. पण आपल्या येसूला तो शिकवायचा नाही, हे सटवानं पोर पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. पहिला मुलगा देवीला सोडायची रीत होती. वस्तीतली म्हातारी माणसं कुरकुरली. सटवा म्हणाला, "आईचा कोप व्हायचा तर माज्यावर हूंदे. पोराच्या हातात पाटीच द्यायची."

येसूच्या हातात पाटी आली खरी, पण शाळेचं छप्पर काही त्याच्या डोक्यावर आलं नाही. शाळा भरे चावडीला लागून असलेल्या एका मातीच्या खोलीत. गावातली मुलं आत बसत. वस्तीतली चार मुलं मागच्या भिंतीला टेकून, खिडकीखाली, बाहेर बसत. वामनमास्तर आत फळ्यावर लिहीत आणि तेच खिडकीशी येऊन मोठ्यानं सांगत. बिचारे एवढंच करू शकत होते. येसू बाहेर बसून आतल्यांच्या आधी पाढे म्हणे.

त्या भिंतीला पोट आलं होतं. मास्तरांनी ते गावचे पाटील हैबतराव यांना दाखवलं. एकदा नव्हे, तीनदा दाखवलं. शाळेचा सगळा कारभार पाटलांच्या हाती होता. "सुगी झाली की बघू," पाटील म्हणाले. उत्तरा नक्षत्रात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी उघडीप झाली म्हणून मास्तरांनी शाळा भरवली आणि दुसरा पाढा चालू असताना ती भिंत बाहेरच्या अंगाला बसली. बाहेरच्या अंगाला कोण होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

तिघं पोरं हातपाय मोडून वाचली. येसूला काढलं तेव्हा त्याची पाटी त्याच्या छातीखाली होती. तिचे दोन तुकडे झाले होते. ठकूनं त्यातला मोठा तुकडा उचलला, पदरानं पुसला आणि घरी नेऊन देवीच्या देव्हाऱ्यात ठेवला. कुणाला तिनं विचारलं नाही, कुणी तिला अडवलंही नाही.

खोली पडली, शाळेचा फळा मोडला, फडताळातल्या पाट्या चुरडल्या. मास्तर लिंबाखाली मुलं बसवू लागले. महिन्याभरानं वरून कागद आला, की पुढच्या दसऱ्याच्या आत गावानं आपल्या वर्गणीतून खोली उभी करावी आणि पाट्या, फळा, बस्करं यांची सोय करावी. नाही तर शाळा उठवून दुसऱ्या गावी नेली जाईल. मास्तर वर्गणीचा कागद घेऊन घरोघर फिरले. कुणी म्हणालं, यंदा जमत नाही. कुणी म्हणालं, पाटलांनी आकडा घातला की आमचा घाला. आणि पाटील म्हणाले, "भिंत पडली ती देवाची इच्छा. आता पोरं बैलामागं जातील, काय बिघडलं?"

हे सटवाच्या कानावर आलं. तो त्या दिवशी जेवला नाही. शाळा गेली म्हणजे येसू उगाच मेला, असं त्याच्या मनानं घेतलं. ते काही केल्या निघेना. पुढच्या मंगळवारी त्यानं घागरा बांधला, चाळ बांधले आणि ठकूला म्हणाला, "ठके, आजपासनं मागायचं ते साळंसाठी."

आणि पहिल्याच दारात त्यानं ती चूक केली, जी फक्त एखादा पोतराजच करू शकतो. त्यानं मनगटाचा हिसका दिला नाही. आसूड जसा उचलला तसा पाठीवर पडू दिला. ठकूचं ढोलकं थांबलं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, ह्ये काय?" सटवा म्हणाला, "लेकरांच्या नावानं मागायचं आन्‌ खोटा फटका मारायचा व्हय? माज्यानं न्हाई हुनार."

तेव्हापासून तो खरे फटके खाऊ लागला. आठवड्यातून दोन दिवस, चार चार गावं. मिळालेले जोंधळे विकून येतील ते पैसे ठकू गाडग्यात घाली आणि मास्तरांकडं नेऊन देई. पौषापर्यंत वीस पाट्या आल्या. माघात फळा आला. पण जोंधळ्यावर भिंती उभ्या राहत नाहीत. दगड, तुळया, पत्रे, गवंड्याची मजुरी हे सगळं कुठून आणायचं? सटवाला याचं उत्तर ठाऊक नव्हतं. त्याला फक्त आसूड ठाऊक होता.

हैबतराव पाटलांना तो दृष्टीसमोर नको होई. सटवा बाजारात आला की ते चावडीच्या जोत्यावरून ओरडत, "आले बघा शाळाखात्याचे साहेब! उठा, जागा द्या!" सोबतची मंडळी पोट धरून हसत. "सटव्या, लेका आईच्या नावानं मागतोस आन्‌ शाळंला घालतोस. देवीला फशिवतोस का गावाला?" सटवा मान खाली घालून पुढं जाई. फशिवण्याचा शब्द मात्र त्याच्या काळजात रुतून बसला. खरंच आपण देवीचं चोरतो आहोत का? तिच्या नावाची भीक दुसरीकडं वळवतो आहोत का?

फाल्गुनात एके सकाळी तो ठकूला घेऊन करंजाखाली गेला. लांबच उभा राहिला. महाराजांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "जवळ ये. इथं ओवरी नाही." सटवा जवळ जाऊन बसला आणि त्यानं आपली शंका विचारली. महाराज म्हणाले, "अरे, आईनं आजवर कुणासाठी मागितलं? स्वतःला पोटभर खाता यावं म्हणून? ती लेकरांसाठीच मागते. तू आत्ता कुठं तिचं मागणं तिच्या ठिकाणी पोचवतो आहेस."

सटवाच्या डोळ्यांना धार लागली. मनावरचं एक ओझं उतरलं आणि त्याच्या खाली दडपलेलं दुसरं वर आलं. तो असलं काही विचारायला आला नव्हता, पण तोंडातून निघून गेलं. "म्हाराज, तुमी देवमानूस. मग त्या दिवशी माज्या येसूवरची भित तुमी का न्हाई आडीवली?"

ठकूनं ऐकलं आणि घाबरून त्याचा घागरा ओढला. महाराज रागावले नाहीत. त्यांचा चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसू लागला. ते म्हणाले, "सटवा, याला माझ्याजवळ उत्तर नाही. पाठ आहे."

सटवाला त्याचा अर्थ लागला नाही. थोर माणसांचं बोलणं, असं म्हणून तो उठला. जाताना महाराजांनी एवढंच विचारलं, "पाठ फार दुखते का रे?" सटवा म्हणाला, "न्हाई जी." पण दुखत होती. जुन्या वळांवर नवे वळ पडून कातडी फुटली होती, त्यात पू धरला होता. अंगात बारीक कणकण असे. ठकू रोज हळद लावी आणि रोज रडे.

वैशाखातला आठवडी बाजार होता. ऊन असं, की जमिनीवर पाय ठरेना. सटवा तापानं फणफणलेला, तरी आला. चावडीसमोर त्यानं आसूड उचलला आणि हातातून तो खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. जोत्यावर हशा पिकला. पाटील उठून खाली आले.

"सटव्या, ह्यो आसूड म्हंजे सगळा हातचलाखीचा खेळ आहे. लहानपणी तुज्या बापानंच मला दाखवला हुता. मनगाट असं मारायचं, झालं! लोकांला वाटतं पाठ फुटली." त्यांनी बाजाराकडं वळून आवाज चढवला. "ऐका रं! ह्याला शाळा बांधायची आहे. दगड माझ्या खाणीतला, तुळया माझ्या रानातल्या, पत्रं मी आणतो, गवंड्याची मजुरीबी माझी. पर फटकं मी मारनार, माझ्या चाबकानं. एकावन्न! ह्यानं उभ्यानं खाल्लं तर शाळा. खाली बसला, तर गावात पुन्हा शाळंचं नाव काढायचं न्हाई. हाय का तयारी?"

मास्तर पुढं झाले. "पाटील, हा माणूस तापानं फणफणला आहे. एकावन्न फटक्यांत मरेल."

"मग नगं म्हणू दे. माजी काय जबरदस्ती आहे?"

पाटलांना वाटलं होतं, तो पाया पडेल, गयावया करील आणि ही रोजची कटकट मिटेल. सटवानं ठकूकडं पाहिलं. ठकू मान हलवत होती, नको, नको. सटवा तिच्याजवळ गेला. देव्हाऱ्याचं दार त्यानं उघडलं. आत शेंदराच्या आईशेजारी येसूच्या पाटीचा तुकडा उभा होता. त्यानं दोघांना एकदमच हात जोडले आणि चावडीच्या खांबाला धरून उभा राहिला. "मारा, पाटील," तो म्हणाला. "पर सबूद पाळा."

पहिला फटका आला. चामड्याचा गाडीबैलाचा चाबूक तो, त्यात हिसक्याची सोय नाही. आवाज असा झाला की बाजारातल्या बाया किंचाळल्या. सटवानं दात आवळले होते. वेदनेची वाट बघत तो तसाच राहिला.

वेदना आली नाही. कुणी पाठीवर ओंजळभर गार पाणी सोडावं तसं त्याला वाटलं.

दुसरा, तिसरा, चौथा. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. कुणीतरी मोजत होतं. सटवाला वाटलं, आपण ताप चढून भ्रमलो, किंवा मेलोच. मेल्यावर असंच होत असेल. दर फटक्यासरशी पाठीतली जुनी आग विझत चालली होती. तो खांबाला धरून होता, पण आता धरायची गरज नव्हती. विसाव्या फटक्याला तो सरळ उभा होता. पंचविसाव्याला त्याला घाम येऊन ताप उतरला होता!

पाटलांचा चेहरा लालबुंद झाला. फटका बसत होता हे त्यांना हाताला कळत होतं. समोर पाठ दिसत होती आणि पाठीवर नवा वळ एकही नव्हता. त्यांनी सगळं बळ लावलं. त्या मारण्यात आता पैज राहिली नव्हती, भलतंच काही होतं. तोंडानं ते पुटपुटत होते, "पड, पड की खाली..." सदतिसाव्या फटक्याला त्यांचा हात खांद्यातून लुळा पडला. चाबूक धुळीत पडला.

ठकू धावत आली आणि तिनं नवऱ्याची पाठ पाहिली. जुन्या जखमांवरसुद्धा कोवळी कातडी धरली होती. तिला रडावं की हसावं कळेना. जमलेल्यांपैकी कुणी हात जोडले, कुणी मागं सरकलं.

"चेटूक!" पाटील ओरडले. "त्या तरटवाल्यानं केलंय. चला, त्यालाच इचारतो." डावा हात उजव्या खांद्यावर दाबून धरत ते वेशीकडं निघाले. मागं सगळा बाजार निघाला. सटवा आणि ठकूही निघाली.

करंजाखाली महाराज बसले होते. पण नेहमीसारखे नव्हेत. नेहमी ते बुंध्याला टेकून बसत. आज ते पुढं वाकून दोन्ही हातांवर भार देऊन होते आणि थरथरत होते. ओठ चावल्यानं हनुवटीवर रक्त आलं होतं.

"म्हाराज, ही भानामती..." पाटलांनी सुरुवात केली. महाराजांनी मान वर केली. म्हणाले, "सटवा, तरट काढ रे जरा. चिकटलं आहे. हळू काढ."

सटवानं तरट उचललं. तो मागच्या मागं खालीच बसला.

भाविकहो, संतांना दुखत नाही असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. ती पाठ ज्यांनी पाहिली त्यांनी मरेपर्यंत तिचं वर्णन कुणाजवळ केलं नाही. वामनमास्तर एवढंच म्हणत, की वळ वेगवेगळे मोजता येत होते. ते सदतीस होते.

"पाटील," महाराज म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "सदतीस झाले. तुमचा शब्द एकावन्नाचा. चौदा राहिले. तेवढ्यावाचून लेकरांची शाळा अडायला नको. चाबूक आणला नसेल तर कुणाला तरी पाठवा." आणि खरोखरच ते वळले. त्यांनी ती पाठ पाटलांच्या पुढं केली!

हैबतराव पाटील गुडघ्यांवर बसले. मग कपाळ मातीला लागलं. "न्हाई म्हाराज... न्हाई मारवत... मी बांधतो शाळा. एकावन्न न्हाई आन्‌ काही न्हाई. सगळी बांधतो."

"मारत कुणाला होतास रे?" महाराजांनी विचारलं. आता ते अरे-तुरेवर आले होते आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "सटवाला तर नाही. त्यानं तुझं काय केलं?"

पाटील मातीत तोंड घालून पडून राहिले. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते सगळ्यांसमोर तोंडातून निघेना.

"बरं," महाराज म्हणाले. "नुसत्या बोलण्यानं काही उभं राहत नाही. शाळा उभी राहील तशा या जखमा भरतील. तोवर यांना कुणी औषध लावू नका."

सटवा त्यांच्या पायांशी आला. त्याला आता फाल्गुनातलं बोलणं कळलं होतं. उत्तर नाही, पाठ आहे. महाराजांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्याकडून त्या दिवशी झालं नाही रे. आज झालं तेवढं केलं." असं म्हणून ते रडले. देवाचा माणूस एका पोतराजापुढं रडला, हे माळशिंदीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. पाटलांच्या गाड्या खाणीतून दगड ओढू लागल्या. स्वतः पाटील एका हातानं चिखल कालवत, कारण उजवा हात अजून वर उचलत नव्हता. भिंतीचा एक थर चढला की करंजाखाली दोन वळ सुकत. गवंडी दमला, काम थांबलं की तिकडं ताप चढे. अशा वेळी पाटील स्वतः गवंड्याच्या घरी जाऊन उभे राहत. पावसाळ्यात पुष्कळ दिवस गेले. भर आषाढात महाराज पालथे पडून असत, पाठीवर करंजाची पानं टाकलेली. त्यांना ना उताणं निजता येई, ना झाडाला टेकता येई. ठकू करवंटीनं पाणी पाजी. तासन्‌तास तसेच पडून काढताना ते कण्हत आणि कण्हता कण्हता विचारत, "पत्रे आले का?"

पत्रे आले. फळा लागला. पाटलांनी आणखी चाळीस पाट्या आणल्या, बस्करं विणवून घेतली. दसऱ्याच्या सकाळी नव्या खोलीत पाटीपूजन ठरलं. सदतिसातले छत्तीस वळ भरले होते. एक उरला होता, उजव्या खांद्याखालचा. तो मात्र सारखा वाहत होता.

सटवा महाराजांना बोलवायला गेला. महाराज म्हणाले, "मी नाही येत. लेकरं आत बसली का?"

"बसली असतील जी."

"असतील नको. बघून ये."

सटवा शाळेकडं परत आला. नव्या खोलीत गावातली मुलं पाट्यांवर एकाचा आकडा मांडून मांडून सरस्वती काढत होती. आणि वस्तीतली पोरं बाहेरच्या नव्या ओसरीत, नव्या भिंतीला टेकून बसली होती. त्यांना तिथं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. ती आपण होऊनच तिथं जाऊन बसली होती. आत या असंही कुणी म्हटलं नव्हतं. पाटील उंबऱ्याशी उभे होते. त्यांना ते दिसत होतं आणि ते जानव्यांच्या, पागोट्यांच्या पाहुण्यांकडं बघून गप्प होते.

सटवाला बोलायचा धीर झाला नाही. त्यानं पूजेला आलेल्या ठकूच्या देव्हाऱ्यातला पाटीचा तुकडा काढला, छातीशी धरला आणि ओसरीखाली नुसता उभा राहिला.

पाटलांनी त्याला पाहिलं. "काय रं सटवा?"

"काही न्हाई जी. म्हाराजांचा एक वळ भरंना."

हैबतराव पाटलांनी त्या तुकड्याकडं पाहिलं. मग ते ओसरीत आले. खाली वाकले, पहिल्या पोराच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि आत नेऊन अगदी फळ्यासमोर बसवलं. मग दुसऱ्याला. मग भिंतीखाली पाय मोडलेला, लंगडत चालणारा एक होता, त्याला त्यांनी कडेवर घेतलं. आत कुजबुज उठली. कुणी आपल्या मुलाचा हात धरून उठलं आणि बाहेर पडलं. त्या दिवशी सात मुलं उठून गेली. त्यातली चार दिवाळीनंतर परत आली, तीन आली नाहीत. झालं ते झालं तसंच सांगायला हवं.

पाटलांनी सटवाच्या हातातून पाटीचा तुकडा मागून घेतला, पूजेच्या पाट्यांच्या मधोमध ठेवला आणि सगळ्यांकडं तोंड करून उभे राहिले. "भितीला पोट आलं हुतं. मास्तरांनी मला तीनदा दाखवलं. मी म्हणलं, सुगी झाली की बघू. येसूला भितीनं न्हाई मारलं." ते वळले आणि भरल्या खोलीत, सगळ्या गावादेखत, त्यांनी सटवाच्या पायांवर डोकं ठेवलं.

सटवा मागं सरला. "पाटील, असं करू नगा," तो म्हणाला. त्यानं क्षमा केली असं मी सांगणार नाही. त्याचं पोर गेलं होतं. पण त्यानं वाकून पाटलांना हाताला धरून उठवलं. मग खांद्यावरचा आसूड काढला आणि फळ्याच्या वरच्या तुळईला टांगला. तो अजून तिथं आहे म्हणतात. वामनमास्तरांनी पहिलं अक्षर फळ्यावर काढलं आणि या वेळी त्यांना खिडकीशी जावं लागलं नाही.

पूजा आटोपून सटवा करंजाकडं धावत निघाला. आपट्याची पानं हातात होती. मागून पाटील येत होते, अनवाणी. ओढ्याच्या वळणाशी सटवा थबकला आणि त्यानं हातानं खूण करून पाटलांनाही थांबवलं.

करंजाखाली महाराज झोपले होते. तरट कोरडं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी झाडाच्या बुंध्याला पाठ टेकली होती. हैबतराव पाटलांनी त्यांना जागं केलं नाही. तिथंच, लांबूनच, ओढ्याच्या वाळूत त्यांनी कपाळ टेकलं.